ताईला चालेल अशी जागा

ताईने एक पाय नावेत ठेवला आणि दुसरा धक्क्यावरून उचललाच नाही. नाव किंचित सरकली. फळ्या आणि नाव यांच्यामधली पाण्याची फट वीतभर रुंदावली, आणि त्या फटीच्या वर ताई तशीच ताटकळत उभी राहिली, गळ्यातल्या पिशवीचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून. नावाड्याने वल्हं टेकवून नाव पुन्हा जवळ घेतली. तरीही ती हलली नाही. तिच्या घशातून तो बारीक, एकसुरी आवाज सुरू झाला होता, उकळी फुटण्याआधी भांडं गुणगुणतं तसा.

आई धक्क्यावर गुडघे टेकून बसली. अडुसष्टाव्या वर्षी असं बसणं सोपं नव्हतं, आणि उठणं तर त्याहून नाही. तिने ताईचा मागचा पाय घोट्याशी धरला.

"कोणी नेत नाही तुला. बघ, हा पाय इथेच आहे. आता तो दुसरा याच्याकडे आण."

सात-आठ मिनिटं गेली. नावाडी पाण्याकडे पाहत राहिला. मग ताईने दुसरा पाय परत आणला, आणि आवाज जसा आला होता तसाच, कुठेही न पोचता, विरला.

धाकटी बहीण नावेत आधीच जाऊन बसली होती. समोरच्या बेटावरचं पांढरं हॉटेल गेले तीन महिने तिच्या फोनच्या पडद्यावर होतं. आता ते प्रत्यक्ष दिसत होतं आणि पडद्यावरच्यापेक्षा लहान वाटत होतं. ती उठून धक्क्यावर आली.

"बेट रद्द," ती म्हणाली.

"अहो, वीस मिनिटांचा तर प्रवास!" संयोजिका म्हणाली. दूरच्या, देखण्या जागी वऱ्हाड नेऊन लग्नं लावून देणं हा तिचा व्यवसाय, आणि हार मानणं तिच्या व्यवसायात बसत नव्हतं. "त्या दिवशी संगीत असेल, फुलं असतील. ताईंना कळणारसुद्धा नाही पाणी कधी आलं नि कधी गेलं."

"तिला सगळं कळतं," आई उठता उठता म्हणाली. "आपल्या आधी कळतं."

ताई सदतीस वर्षांची होती. ती सगळ्यांचीच ताई होती. धाकटीने बोबड्या वयात दिलेलं ते नातं आईने आणि, होते तोवर, बाबांनीही नावासारखं वापरलं होतं. तिच्या मनाचं वय डॉक्टरांनी निरनिराळं सांगितलं होतं, कोणी चार, कोणी सहा. आईने ते कधी मोजलं नाही. मात्र ताईला काय चालतं आणि काय चालत नाही, यावर त्या घराचे पडदे, जेवणाच्या वेळा, पाहुण्यांचे आवाज आणि दरवाजाची घंटा ठरलेली होती.

आता लग्नाची जागाही त्यावरच ठरत होती. काल पाहिलेला टेकडीवरचा महाल लिफ्टपाशीच बाद झाला होता. लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते, आणि इतक्या ताया एकदम आत उभ्या असलेल्या पाहून ताईने दारातच बसकण मारली होती.

"घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून म्हणतात," संयोजिकेने गाडीचं दार उघडत सुस्कारा टाकला. "जागा पाहावी शोधून, हे मी माझ्या पाटीवर लिहून घेणार आहे."

धाकटी हसली. ताईला सोडून लग्न करायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि होणाऱ्या नवऱ्याने ते तिच्याही आधी मान्य केलं होतं. "ताई नाही तर आपणही नाही," असं तो म्हणाला होता. भला माणूस होता. लग्नानंतर महिनाभरात त्याची परदेशातली नोकरी सुरू होणार होती, निदान पाच वर्षांसाठी. ताईचं पुढे कसं, हा प्रश्न तिने त्याला एकदाच विचारला होता. "बघू ना, वेळ आली की," तो म्हणाला होता. आणि त्या वाक्याने आपल्याला किती हलकं वाटलं, हे धाकटीने कुणालाही, स्वतःलाही, सांगितलं नव्हतं.

खरं नवल आईचं होतं. आधी ती या सगळ्याच्या विरोधात होती. माणसांना गाड्या भरभरून कुठेतरी नेऊन लग्न लावायचं, हे तिला पटत नव्हतं. मग काही महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. दोन तास पडून होती. ताई घरातच होती. शेजारच्या काकू किल्लीने दार उघडून आत आल्या तेव्हा आईच्या अंगावर घरातले सगळे टॉवेल होते, एकावर एक, कडेला कड जुळवून घातलेले, आणि ताई शेवटचा टॉवेल हातात घेऊन, तो कुठे ठेवायचा या विचारात उभी होती. हाड मोडलं नव्हतं. आईने ती गोष्ट हसत सांगितली, "मला कपाट करून टाकलं हिने!" आणि त्याच आठवड्यात म्हणाली, "करू या तुझं ते बाहेरगावचं लग्न. पण जागा मी बघणार. आणि ताई बरोबर येणार."

धाकटीला वाटलं, पडल्यावर माणूस मऊ होतं.

आईने जागा पाहिल्या त्याही तिच्या पद्धतीने. महालात हिरवळ कुठे, दिवे कुठे, छायाचित्रं कुठे, हे संयोजिका दाखवत असताना आई मागच्या अंगणात जाऊन कुंपणाला हात लावून आली होती. इथे भटारखान्यात बाया आहेत का? रात्री फाटकाला कुलूप कोण लावतं? हंगाम संपल्यावर इथे माणूसकाणूस असतं की नाही?

"काकू," संयोजिका शेवटी म्हणाली होती, "तुम्ही लग्नाची जागा बघताय की बिऱ्हाड करायला निघालाय?"

त्यावर सगळेच हसले होते. आईही.

तिसरी जागा संयोजिकेने मुद्दामच मागे ठेवली होती. "ना धड समुद्र, ना धड डोंगर," असं ती वाटेतच सांगून मोकळी झाली. सुरूच्या झाडांच्या रांगेआड एक लांबट, एकमजली इमारत होती. पूर्वी तिथे छातीच्या रोग्यांना हवापालटासाठी ठेवत. अजूनही व्हरांडे तेवढेच रुंद होते, खाटा बाहेर आणता याव्यात इतके, आणि कठड्यांचा पांढरा रंग इतक्या वेळा दिलेला होता की कडा गोल झाल्या होत्या. बागेत एक कोरडं कारंजं होतं. हॉटेल म्हणून ती जागा चालत होती, म्हणजे बंद पडली नव्हती.

धाकटी हिरवळीवर उभी राहून माणसं मनात बसवून पाहू लागली. एकशेवीस खुर्च्या. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत असे, आणि तोच प्रश्न हजारदा विचारत असे: आधीचं स्पष्ट, की हे? इथे तिला कुठलंच भिंग लागू पडेना. जागा कुरूप नव्हती. फक्त तिथे कुणीतरी फार काळ बरं होण्याची वाट पाहिलेली होती, आणि ती वाट भिंतींना अजून चिकटून होती.

"ताई कुठेय?" आईचा आवाज आला.

ताई कुठेच नव्हती. पिशवी तेवढी कारंज्याच्या कठड्यावर होती.

त्या तिघी तीन दिशांना गेल्या. धाकटी विहीर आहे का ते पाहू लागली. आधी तेच सुचलं. मग इमारतीच्या मागून आईने हाक मारली, घाबरलेली नाही, उलट दबक्या स्वरातली, झोपलेल्या मुलाच्या खोलीतून मारावी तशी.

मागे धुलाईघर होतं. उंच छपराची, वाफेने ऊबदार झालेली एक लांब खोली, मधोमध टेबल, आणि टेबलावर वाळलेल्या चादरींचा ढीग. एका टोकाला पन्नाशीची एक दणकट बाई चादरीची दोन टोकं धरून उभी होती, आणि दुसऱ्या टोकाला ताई. दोघी पुढे आल्या, टोकाला टोक जुळलं, मागे गेल्या, ताणली, पुन्हा पुढे आल्या. ताईच्या चेहऱ्यावर धाकटीने कधीही न पाहिलेलं काहीतरी होतं. तिला तो आनंद वाटला; पण आनंदाला कोणीतरी पाहणारं लागतं, आणि ताई कुणाकडेच पाहत नव्हती. कोपऱ्यात एक म्हातारीशी बाई मान वर न करता इस्त्री करत होती.

"तुमची का ही?" दणकट बाई म्हणाली. "आली नि टोक धरलं. मी म्हटलं, नवी लावली की काय मालकीणबाईंनी, मला न सांगता! हात बाकी काय सरळ आहे पोरीचा. माझ्या बायकांना दहा वर्षांत जमेना असा कोपरा काढते."

"त्रास नाही ना देत?" आईने विचारलं.

"हिचा कसला त्रास? बोलत नाही, हेच मोठं सुख. ती दुसरी बोलत नाही नि ऐकतही नाही. माझी बडबड ऐकायला तरी कोणी मिळालं."

ताईने पुढची चादर उचलली.

संयोजिकेने छातीवर हात ठेवला आणि डोळे वर नेले. "देव पावला," ती पुटपुटली. मग धाकटीच्या कानाशी लागून म्हणाली, "इथे तिला समारंभभर बसवता येईल. एक बाई सोबत देऊ. वाटलं तर फोटोपुरतं बाहेर आणायचं."

फोटोपुरतं. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं, अर्ध्या क्षणापूर्वी.

ती बागेत आली आणि तिने होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"सापडली," ती म्हणाली. "फार सुंदर वगैरे नाही हं. तुझ्या आईंना बेटच हवं होतं."

"ताईला चालली?"

"चालली."

"मग आईचं मी बघतो. तिला सांगतो, बेटावर डास आहेत." तो हसला. "तू दमलीयेस का? आवाज कसला येतोय?"

"सुरूच्या झाडांचा."

"छान आहे. लग्नात असू दे हा आवाज."

ऊन कलत होतं. परतीचा रस्ता चार तासांचा होता, आणि संयोजिका गाडीपाशी उभी राहून घड्याळ दाखवत होती. धाकटी आईला आणि ताईला आणायला मागे गेली. धुलाईघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. ती ते ढकलणार, एवढ्यात तिला आईचा आवाज ऐकू आला, आणि तिचा हात तिथेच राहिला.

तो आवाज तिला माहीत होता. पण गेल्या दहा वर्षांत तिने तो ऐकला नव्हता. आई एकतीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती. शाळा सुटली की धाकटी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिची पाळी संपायची वाट पाही, आणि शेवटची दहा मिनिटं आई पुढच्या पाळीच्या बाईला एकेक रोगी सोपवताना तिला ऐकू येई. त्या बोलण्यात चढउतार नसे. सात नंबर, वय साठ, पाणी मोजून द्यायचं, रात्री उठतो, एकटा सोडायचा नाही. आई म्हणे, न सांगता जाणं हा आमच्यात गुन्हा असतो.

"वय सदतीस," आई आत सांगत होती. "जेवते स्वतःच्या हाताने. गरम कळत नाही, म्हणून निवल्यावरच ताट द्यायचं. डोक्यावरून पाणी ओतलेलं चालत नाही. तांब्या तिच्याच हातात द्यायचा. पाळीचं तिचं तिला कळतं, फक्त भिंतीवर तारखांचा कागद हवा, ती खूण करते. दात दुखला तर सांगत नाही. उजव्या कानावर हात ठेवून बसली की दात समजायचा. ओरडली तर घाबरायचं नाही. कोणाला मारत नाही. मारलंच तर स्वतःला."

"अहो बाई," धुलाईवाली म्हणाली, "लग्न दोन दिवसांचं ना? हे सगळं मला कशाला?"



"तुमच्या मालकीणबाई ठेवतील का तिला?" आईने विचारलं. "काम करेल. तुम्ही पाहिलंच. मोबदला काही नको. उलट मी देईन, काय म्हणतील ते."

"कधीपर्यंत?"

आतून चादर झटकल्याचा आवाज आला.

"असं आहे होय," धुलाईवाली हळू म्हणाली. मग तिने बहुधा मानेनेच कोपऱ्याकडे दाखवलं असावं. "ती इस्त्रीवाली. तिलाही असंच दोन दिवसांसाठी आणलं होतं. बावीस वर्षं झाली."

"कोणी येतं भेटायला?"

"पहिली काही वर्षं यायचे."

"मी आहे तोवर येईन," आई म्हणाली. "म्हणून तर आत्ता करायचंय. मी असताना तिला माझ्याशिवाय राहायची सवय व्हायला हवी. मी गेल्यावर ती सवय लावणार कोण? तिचे वडील गेले तेव्हा नऊ दिवस विचारत होती, बाबा कुठे. दहाव्या दिवशी थांबली. माझं थोडं जास्त चालेल. पंधरा धरा. तेवढे पंधरा दिवस तिला कोणी रागवायचं नाही."

"पण तुमची धाकटी आहे की. शिकलेली, चांगली."

"आहे ना. म्हणूनच तिला बोलले नाही." आईचा सपाट आवाज इथे पहिल्यांदा हलला. "तिला नुसतं सांगितलं ना, तर ती लग्न मोडून घरी बसेल. ती तशीच आहे. बाळपणापासून ताईच्या ताटातलं आधी निववायची, मग स्वतः खायची. तिचा जन्म मी असा वाया घालवू? एका मुलीचा गेला तो गेला."

दाराबाहेर धाकटी उभी होती. दुकानात तिच्याकडे अशी माणसं येत, ज्यांना तक्त्यावरच्या खालच्या ओळी दिसत नसत, पण ती अडखळत नसत. मागच्या खेपेला पाठ झालेली अक्षरं ती खणखणीत आवाजात म्हणून दाखवत. आपली नजर गेलेली नाही, हे त्यांना ऐकायचं असे. तिच्या लक्षात येई, आणि कधीकधी ती त्यांना थांबवतही नसे.

लग्न मोडून घरी बसेल. ती तशीच आहे.

दार तिच्या तळहाताखाली होतं. जुनं, हलकं दार. नुसता हात पुढे नेला असता तरी उघडलं असतं. आत जाऊन म्हणायचं वाक्य फार मोठंही नव्हतं. दोन-तीन शब्दांचं होतं, आणि ते तिला येत होतं. ते उच्चारल्यावर आई रडेल, नाही म्हणेल, रागवेल, आणि शेवटी तिच्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरेल, हेही तिला दिसत होतं. आधीचं स्पष्ट, की हे? दोन्ही सारखंच स्पष्ट होतं. इतकं स्पष्ट तिला आयुष्यात काही दिसलं नव्हतं.

तिने हात काढून घेतला. पायाखाली खडी होती, म्हणून ती आधी टाच उचलून, मग चवडा, अशी मागे सरकली. इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत ती तशीच गेली. तिथून तिने मोठ्याने, दुरून येत असल्यासारखी हाक मारली.

"आई! चला ना, उशीर होतोय!"

आई बाहेर आली तेव्हा ताईचा हात तिच्या हातात होता. ताई मुकाट्याने येत होती. तिचे तळवे चादरींनी गरम झालेले होते. धाकटीने दुसरा हात धरला तेव्हा ते तिला जाणवलं.

"कशी वाटली गं जागा?" आईने विचारलं, अगदी सहज.

"छान आहे," धाकटी म्हणाली. "इथेच करू."

"नक्की ना? उगीच आमच्यासाठी म्हणून नको हं. लग्न तुझं आहे."

"नक्की."

आई थबकली. तिने धाकटीच्या गालावर हात ठेवला आणि हसली. न्हाणीघराच्या त्या दिवसानंतर ती अशी हसली नव्हती, किंवा त्याही आधीपासून. माणूस इतकं ओझं घेऊन हसतही असतं, हे धाकटीला ते उतरल्यावर दिसलं.

संयोजिकेने कागद पुढे केले. तारीख? सगळ्यात लवकरची, धाकटी म्हणाली. संयोजिका खूश झाली. असं पटकन ठरवणारं गिऱ्हाईक विरळाच.

गाडीत ताई खिडकीशी बसली आणि पहिल्या वळणालाच झोपली. तिचं डोकं आईच्या खांद्यावर आलं. आईने तो खांदा न हलवता बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं.

"चिमे," ती म्हणाली.

"काय?"

"लग्न झालं की लगेच निघू नका तुम्ही दोघं. थोडे दिवस थांबा तिथे. आठ-दहा दिवस."

"कशाला?"

"असंच गं. हवा चांगली आहे." आईने ताईच्या तोंडावर आलेले केस बाजूला केले. "ताईलाही बरं वाटेल, तू दिसत राहिलीस तर."

बाहेर सुरूची झाडं संपली होती. सपाट माळ सुरू झाला होता, आणि त्याच्या टोकाला आभाळ इतकं खाली आलं होतं की गाडी त्यातच शिरेल असं वाटत होतं.

"परदेशाची तिकिटं काढलीत, आई," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या दिवशीचीच आहेत. आता बदलता येणार नाहीत."

"असू दे, असू दे," आई घाईने म्हणाली. "मी सहज म्हटलं."

ती पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. धाकटीने मग अंग चोरून खिडकीकडे वळवलं, फोनचा उजेड आईच्या बाजूला पडणार नाही असा धरला, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची तिकिटं मिळतात का ते शोधू लागली.